काड्यांचा गठ्ठा सुटतो तेव्हा

लहान मुलांना संख्या शिकवताना काड्या-मण्यांवर तास घालवण्यापेक्षा पाढे घोकून घेतलेले बरे, या मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. पुण्यातील एका प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गाला मी काही वर्षे गणित शिकवले आहे. तिथे ‘एकोणपन्नास लिहा’ म्हटले की बऱ्याच पाट्यांवर ५९ उमटत असे, कारण ‘एकोण’ आले की शेवटी नऊ हे मुलांना पाठ असे आणि कानावर पन्नास पडल्यामुळे आधी पाच लिहिला जाई. मग मी दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे मांडून त्यांतली एक काडी मागितली. एक मुलगी रबर काढायलाच तयार होईना. ‘बाई, दशक मोडेल ना,’ म्हणाली. अखेर तिने ते काढले, एक काडी माझ्या हातावर ठेवली आणि उरलेले चार गठ्ठे व नऊ सुट्या काड्या तिने स्वतःच मोजल्या. हातच्याच्या वजाबाकीचे निम्मे काम तिथेच झाले.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले, तेव्हा बरीच थट्टा झाली. अडचण मात्र खरी होती. फक्त जुने शब्द बाजूला सारण्यापेक्षा ते काड्यांनी असे उलगडून दाखवावेत, असे मला वाटते. पाढ्यांना माझा विरोध नाही, ते यानंतर यावेत एवढेच. राहता राहिला वेळेचा प्रश्न, तर तास संपताना काड्या मोजून परत घेण्यातच तो खरा जातो.