शर्यती वाढल्या, पण स्पा सर्किट वगळले जाते

फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींच्या हंगामातील शर्यतींची वाढती संख्या हे खेळाच्या भरभराटीचे लक्षण आहे, हे काहींचे मत मला अर्धेच पटते. २०१७ मध्ये लिबर्टी मीडिया या अमेरिकी कंपनीने फॉर्म्युला वनची मालकी घेतल्यानंतर नवा प्रेक्षकवर्ग आला आणि संघांच्या वार्षिक खर्चावर २०२१ पासून घातलेल्या मर्यादेमुळे छोटे संघ तग धरू शकले (ही मर्यादा खरे तर कितीतरी आधी यायला हवी होती), हे श्रेय नाकारता येणार नाही.

मात्र शर्यत भरवण्यासाठी आयोजकांनी भरायचे यजमानपदाचे शुल्क हा उत्पन्नाचा मोठा स्रोत असल्यामुळे ज्या सरकारची तिजोरी भरलेली, त्याला जागा मिळते, आणि बेल्जियमच्या ज्या स्पा-फ्रँकोर्शाँमध्ये ओ रूज या वळणाच्या तळाशी दाबली गेलेली गाडी पुढच्याच क्षणी रेडियोंचा चढ पूर्ण वेगात चढते, त्या सर्किटला २०२८ आणि २०३० मध्ये वगळले जाणार आहे. फोंड्यात रविवारी संध्याकाळी साडेसहाला आम्ही मित्र टीव्हीसमोर जमतो, ते अशाच वळणांसाठी.

आपल्याकडे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनच्या तीनच शर्यती झाल्या. उत्तर प्रदेश सरकारने त्यांना खेळ न मानता करमणूक मानून कर लावला होता. उद्या गोव्यात अशा शर्यतीचा प्रस्ताव आला, तर मी चाहता असूनही आधी एवढेच विचारीन की हे शुल्क दरवर्षी कोण भरणार आणि करार संपल्यावर त्या सर्किटचे काय होणार.