आंबा घाटात पिकअप तापते, हेड उतरवायचं का?

लांज्याचा_हापूस

नमस्कार मंडळी. २०१४ ची डिझेल पिकअप, गेल्या दिवाळीत पंढरपूरकडच्या एका भाजीवाल्याकडून घेतली. मीटर १ लाख ८० हजार दाखवतो, खरं किती ते विठ्ठलालाच माहीत. लांज्याहून कोल्हापूरला आंब्याच्या पेट्या नेतो. साखरप्यापर्यंत गाडी गुणी बाळासारखी. घाट लागला, दुसरा गिअर पडला, की पाच-सहा वळणांत टेंपरेचरचा काटा लाल रेघेवर. थांबावं तर माकडं पेट्यांवर चढतात. मी पुढे पाण्याचा कॅन घेऊन, पोरगा मागे काठी घेऊन. कसंबसं वर पोचून मलकापूरच्या रस्त्याला लागलो की काटा आपोआप खाली.

रेडिएटर उतरवून साफ केला, आतून पांढऱ्या क्षाराचे पापुद्रे निघाले. आधीच्या मालकाने बोअरचं पाणीच पाजलेलं. मग पाण्याचा पंप नवा टाकला. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारी झडप) तर फिटरने काढूनच टाकला, "आपल्याकडे लागत नाही" म्हणे. प्रत्येक कामानंतर दोन खेपा बऱ्या जातात, तिसरीला तेच. आता म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, त्याच्याखालची सीलची पट्टी) गेलं, हेड उतरवू, २५ हजार. अक्षय्य तृतीया तोंडावर आलीये, आठ दिवस गाडी उभी राहिली तर माझ्या पेट्या दुसऱ्याच्या टेंपोत. करू का?

घाटमाथ्यावरचा

माझीही अशीच तापायची. तीन फिटर झाले, शेवटी विकली. (पंढरपूरला नाही.)

डेपोतला_काका

थांबा, हेडला हात लावू नका. मी ३१ वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढली. गाडी तापते हे सगळे सांगतात, कुठे आणि कधी तापते ते कोणी सांगत नाही. तुम्ही सांगितलंत, त्यातच निम्मं उत्तर आहे.

सपाटीवर वेगात थंड राहते म्हणजे समोरून वारा लागला की भागतं. घाटात वेग वीसचा. तेव्हा सगळी हवा पंख्याने ओढायची असते. त्यात दुपारी समुद्राकडचा वारा पाठीमागून घाट चढतो, गाडीही त्याच दिशेने. रेडिएटरला वारा लागणार कुठून? त्या "बऱ्या" खेपा रात्रीच्या होत्या का, आठवून बघा.

आता फुकटातल्या तपासण्या. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण काढा, गाडी सुरू करा, थोडी रेस द्या. पाण्यात बुडबुडे येतच राहिले तर गॅस्केटचा संशय खरा. पाणी गळती नसताना कमी होतंय का, ऑइल दुधाळ झालंय का, तेही बघा. मग गाडी चांगली गरम करून बंद करा, चावी खिशात घाला आणि पंखा हाताने फिरवा. जड लागला पाहिजे. मोकळा फिरला तर फॅन क्लच, म्हणजे गरम झाल्यावर पंख्याला इंजिनाशी घट्ट जोडणारा भाग, गेला. गरम असताना झाकणाला मात्र हात लावायचा नाही, आमच्या डेपोत एकाचा चेहरा भाजलेला पाहिलाय.

झाकणही बदला. ते कुकरसारखं दाब धरतं. ०.९ बार दाबाचं चांगलं झाकण असेल तर साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं, स्प्रिंग मेली असेल तर शंभरालाच.

लांज्याचा_हापूस

काका, खेपा रात्रीच्याच होत्या! दोन्ही वेळा काम झाल्यावर पहाटेचा लिलाव गाठायला रात्री २ ला निघालो होतो. मी मात्र फिटरला चहा पाजत बसलो.

बुडबुडे नाहीत, ऑइल स्वच्छ. पंखा भिंगरीसारखा फिरतो. आणि त्याच्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कव्हर गाडीला नाहीच, नुसती स्क्रूची भोकं. आधीच्या मालकाने पुढून कुठेतरी ठोकलेली असणार. त्याने काही फरक पडतो का?

डेपोतला_काका

पडतो म्हणजे काय! कव्हर नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी इंजिनाजवळचीच गरम हवा घुसळत बसतो. आधी ते बसवा.

लांज्याचा_हापूस

कव्हर कोल्हापुरात जुन्या सामानाच्या दुकानात मिळालं. फॅन क्लच आणि झाकण नवं, निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. सगळं साडेपाच हजारांत. काल मुद्दाम दुपारी १ वाजता ९० पेट्या भरून घाट चढलो. काटा अर्ध्याच्या किंचित वर गेला आणि तिथेच राहिला. पंख्याचा आवाज मात्र असा की पोरगा विचारतो, विमान कुठे आहे.

डेपोतला_काका

छान. थर्मोस्टॅट परत बसवलात का?

लांज्याचा_हापूस

नाही. लागतो का खरंच?

डेपोतला_काका

लागतो. नसला तर सपाटीवर इंजिन गारच राहतं, डिझेल जास्त पितं. शिवाय काही इंजिनांत तो काढला की बायपासचं भोक उघडं राहतं, थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतं. तो किंचित वर गेलेला काटा कदाचित त्याचाच. पुढच्या खेपेआधी बसवून घ्या आणि फिटरला सांगा, जुना भाग काढला तर मला दाखवायचा.