शांत डेस्कटॉपसाठी बदली डिस्क: ५४०० आरपीएमचीच घ्यावी, असं माझं मत

मध्यसप्तक

डेस्कटॉपमधली ३ टीबीची ७२०० आरपीएमची जुनी डिस्क आता बदलावी लागणार. डिस्कची प्रकृती तपासणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर पिवळा इशारा दाखवतंय आणि वाचता न येणाऱ्या, 'पेंडिंग' सेक्टरांचा आकडा हळूहळू वाढतोय. ज्या खोलीत हे यंत्र आहे तिथेच मी दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतो, त्यामुळे नवी डिस्क शांत असणं ही माझ्यासाठी चैन नाही.

हा विषय निघाला की 'एसएसडी घ्या, प्रश्न मिटला' असं उत्तर ठरलेलं असतं. विंडोज माझ्याकडेही एसएसडीवरच आहे. प्रश्न आहे तो साठवणीच्या ४ टीबी डिस्कचा, आणि तिथे ५४०० आरपीएमची साधी फिरती डिस्कच योग्य असं माझं ठाम मत आहे.

डिस्कचे आवाज दोन. एक सततचा: मोटर, बेअरिंग आणि चकत्यांनी घुसळलेली हवा. दुसरा हेड, म्हणजे वाचणारा-लिहिणारा भाग, इकडून तिकडे सरकताना होणारी खरखर. ७२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे, ५४०० म्हणजे ९०. या फेऱ्यांची थरथर पत्र्यात उतरली की १२० किंवा ९० हर्ट्झची गुणगुण ऐकू येते. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो. १२० ची गुणगुण नेमकी आवाजाच्या मधोमध येऊन बसते, ती कापायला गेलं तर आवाजाचा भरदारपणा जातो. ९० ची गुणगुण काठावर असते. १०० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे सूर कापणारी गाळणी) लावला की ती काहीशी उतरते आणि माझ्या आवाजाला फारसा धक्का लागत नाही. वेगातला हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, कामात फार मोठा आहे.

म्हणून माझी निवड अशी: ५४००, सीएमआर पद्धतीची (लिहिण्याचे ट्रॅक, म्हणजे वर्तुळाकार मार्ग, एकमेकांवर न चढवणारी), शक्य तितक्या कमी चकत्यांची. तुमची मतं मांडा, विरोधातली तर अवश्य.

विद्युल्लता

पूर्ण असहमत. तुम्ही आवाज कमी कसा करायचा ते शोधताय, तर तो शून्य होऊ शकतो. ४ टीबीच्या साटा एसएसडी सर्रास मिळतात. त्यात हलणारा एकही भाग नाही. मग लो-कट कुठे लावायचा आणि चकत्या किती मोजायच्या, ही चर्चा करायचीच कशाला?

आणि खरंच ४ टीबी सतत हाताशी लागते का? ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो धरलं तर तासाला सुमारे ५२० एमबी होतात. ध्वनिमुद्रण आत्ताच्या एसएसडीवर करा आणि दिवसाचं काम संपलं की मोठ्या डिस्कवर हलवा. काम चालू असताना मोठी डिस्क झोपलेली असू दे.

मध्यसप्तक

झोपलेल्या डिस्कबद्दल आधी बोलतो, कारण माझा सगळा मुद्दा तिथेच आहे. सतत एकसारखा आवाज मला चालतो. रिकाम्या खोलीचा नमुना घेऊन तो नॉइज रिडक्शनने वजा करता येतो. मध्येच सुरू होणारा आवाज मात्र वजा होत नाही. डिस्क झोपलेली आहे आणि विंडोजला इंडेक्सिंग करावंसं वाटलं, अँटिव्हायरसला तपासणी सुचली, किंवा मी फाइल उघडायची खिडकी उघडली, की ती जागी होते. फिरत फिरत वेग घेण्याचा तो चढता सूर वाक्याच्या मधोमध आला की परिच्छेद पुन्हा वाचावा लागतो. त्यापेक्षा अखंड फिरणारी डिस्क बरी.

आता एसएसडी. चालू कामासाठी ती उत्तमच. पण पाच-दहा वर्षं राहायला हवीत अशी मूळ ध्वनिमुद्रणं मला तिच्यावर ठेवायची नाहीत. फिरती डिस्क बहुधा इशारे देत देत जाते, जशी आत्ताची जातेय. एसएसडी पुष्कळदा कंट्रोलरसकट एकाएकी गप्प होते. पुसलेली फाइलही ट्रिम (पुसलेल्या जागा मोकळ्या करणारी आज्ञा) चालल्यावर परत मिळत नाही. शिवाय वीज न देता ठेवलेली एसएसडी कालांतराने विदा विसरते, हे वेगळंच.

विद्युल्लता

शेवटच्या वाक्याला हरकत आहे. लोक जेडेक या चिप-उद्योगाच्या मानकसंस्थेच्या मानकाचा दाखला अर्धाच देतात. घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंश सेल्सियसला एक वर्ष विदा टिकवावा अशी अट आहे खरी, पण ती लेखनाची नेमून दिलेली आयुर्मर्यादा पूर्ण संपलेल्या एसएसडीसाठी. तुम्ही एकदा लिहून ठेवणार, तुमच्या पेशी जवळपास कोऱ्याच राहतील. आणि तुमचा डेस्कटॉप रोज चालू असतो, कपाटात ठेवलेल्या एसएसडीचा नियम त्याला कुठून लागू होणार?

'इशारे देत जाते' यावरही विसंबू नका. मोटर अडकली किंवा सर्किट बोर्ड जळला तर फिरती डिस्कही एका क्षणात जाते. दुसरी प्रत नसेल तर दोन्ही सारख्याच धोक्याच्या.

जोडारी

दोघेही डिस्कबद्दलच बोलताय. आवाज डिस्कपेक्षा तिच्या बैठकीतून जास्त येतो. चार स्क्रू आवळून डिस्क पत्र्याच्या पिंजऱ्यात बसवली की अख्खं कॅबिनेट तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं घुमतं. त्यात ५४०० ची घाला नाहीतर ७२०० ची.

नवी डिस्क मागवण्याआधी हे करून बघा. यंत्र पूर्ण बंद करा, डिस्कचे स्क्रू काढा, केबल जोडलेल्याच ठेवा आणि डिस्क कॅबिनेटच्या तळाला जाड स्पंजच्या तुकड्यावर आडवी ठेवा. बोर्डाची बाजू धातूला लागता कामा नये. आत साधी हवा असलेल्या डिस्कवर एक बारीक छिद्र असतं, ते झाकू नका. मग यंत्र चालू करून पाचेक मिनिटं ऐका आणि चालू असताना डिस्कला हात लावू नका. गुणगुण गेली तर दोष बैठकीचा होता. हा फक्त निदानाचा प्रयोग आहे. स्पंज उष्णता कोंडतो, तिथे कायम ठेवू नये.

कायमसाठी रबरी बुश आणि त्यातून जाणारे लांब दांड्याचे स्क्रू. स्क्रू बुशाला टेकेपर्यंतच फिरवायचा. रबर चेपलं गेलं की ते पत्र्यासारखंच वागतं. साडेतीन इंची डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात, अडीच इंचीचे बारीक एम-३. अदलाबदल केली तर डिस्कचे आटे जातात.

कानसेन

जोडारींशी बराचसा सहमत, पण मऊ बैठकीने फक्त थरथर अडते. हवेतून थेट येणारा आवाज, म्हणजे मोटरची बारीक शीळ आणि हेडची खरखर, तिने कमी होत नाही. लवचीक पट्ट्यांवर डिस्क टांगणारेही पाहिलेत. फार सैल टांगली तर हेड झटक्याने एकीकडे गेलं की डिस्क उलट बाजूला हलते आणि हेडला ट्रॅकवर स्थिरावायला जास्त वेळ लागतो. रबर पुरे.

माझी मुख्य हरकत धाग्याच्या शीर्षकाला आहे. '५४००' या छापील आकड्यावर एवढी भिस्त का? २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या '५४०० आरपीएम क्लास' अशा वर्णनाच्या काही डिस्क ७२०० ने फिरतात हे उघड झालं. आणि ते कसं कळलं, तर वापरणाऱ्यांनी डिस्कचा आवाज ध्वनिमुद्रित करून स्पेक्ट्रम (कोणता हर्ट्झ किती जोरात, याचा आलेख) काढला आणि शिखर ९० ऐवजी १२० हर्ट्झला दिसलं. 'क्लास' हा शब्द कामगिरीच्या वर्गाचा आहे, असं कंपनीचं म्हणणं होतं. तुमच्या कामात तर हाच फरक निर्णायक आहे. तेव्हा वर्णनात 'क्लास' दिसला की त्या क्षमतेची नेमकी डिस्क कोणी मोजली आहे का ते शोधा. एकाच मालिकेत ४ टीबी आणि ८ टीबीचे वेग वेगळे असू शकतात.

मध्यसप्तक

कानसेन, हा मुद्दा शंभर टक्के मान्य आणि माझ्या मताला पूरकच. मला ९० हर्ट्झ हवेत, लेबलवर काय छापलंय ते दुय्यम. डिस्क आली की तिचा स्पेक्ट्रम काढेनच. १२० दिसले तर परत पाठवीन.

जुनाजाणता

एवढा खल कशाला? डिस्कला एएएमची, म्हणजे हेडचा आवाज कमी-जास्त करायची, सोय असते. लिनक्सवरून एचडीपार्म ही आज्ञा वापरून मूल्य १२८ केलं की हेड हळू सरकतं आणि खरखर जाते. २५४ म्हणजे पूर्ण वेग. मी वर्षानुवर्षं हेच करत आलोय, ७२०० च्या डिस्कवरसुद्धा.

कानसेन

जुन्या डिस्कवर हा उपाय खरोखर छान चालायचा. पण एएएम पुढे एटीए या डिस्क-जोडणीच्या मानकातूनच बाद ठरलं आणि आजच्या डिस्क ते मूल्य स्वीकारत नाहीत. आज्ञा दिली तर 'सुविधा नाही' एवढंच उत्तर येतं. आता खरखर किती हे खरेदी करतानाच ठरतं. म्हणून माहितीपत्रकात दोन्ही आकडे पाहायचे: नुसती फिरत असतानाचा आणि हेड काम करत असतानाचा.

मोठ्या हीलियम भरलेल्या डिस्कचं उदाहरण घ्या. हीलियम हवेच्या साधारण एक सप्तमांश घनतेचा, त्यामुळे आत घुसळण कमी. काही एंटरप्राइझ डिस्कच्या पत्रकात फिरतानाचा आवाज अवघा २.० बेल दिलेला असतो, म्हणजे २० डेसिबल. काम करताना तोच ३.६ बेल. दर १० डेसिबलला आवाज कानाला सुमारे दुप्पट वाटतो. म्हणजे ७२०० असूनही नुसती फिरताना ती तुमच्या ५४०० पेक्षा शांत असू शकते आणि हेड हललं की तिप्पट मोठी वाटते.

शिवाय अशा काही डिस्क रिकाम्या बसलेल्या असतानाही दर पाच सेकंदांनी एक 'टक्' करतात. हेड एकाच जागी राहून झीज होऊ नये म्हणून ते मुद्दाम हलवलं जातं. तो बिघाड नव्हे, आणि तो बंदही करता येत नाही.

मध्यसप्तक

दर पाच सेकंदांनी टक्! माझ्यासाठी हीलियमचा विषय तिथेच संपला. एका पानाच्या वाचनात असे पंचवीस-तीस ठोके बसतील.

सीएमआरचा आग्रह मी याच कारणाने धरतो. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. आलेला विदा आधी एका राखीव पट्ट्यात उतरतो आणि तुम्ही काही करत नसताना डिस्क तो मूळ जागी नेऊन मांडते. म्हणजे मोठी फाइल टाकून मी वाचायला बसलो की नेमकी तेव्हाच तिची खरखर सुरू. २०२० मध्ये एनएएससाठीच्या (नेटवर्कवर जोडलेल्या साठवणपेटीसाठीच्या) काही डिस्क न सांगता एसएमआर असल्याचं बाहेर आलं, तेव्हा सगळी चर्चा रेडच्या (RAID, अनेक डिस्क एकत्र जोडून केलेली साठवण) पुनर्बांधणीवर झाली. आवाजाच्या बाजूने कोणी फारसं पाहिलंच नाही.

विद्युल्लता

एसएमआरविषयी सहमत, आवाजाचा हा पैलू माझ्या ध्यानात आला नव्हता. पण आता तुमच्याच अटी एकत्र वाचा. खरोखर ५४०० हवी, हीलियम नको, एसएमआर नको, टकटक नको, बैठक रबराची हवी, आणि एवढं करून शेवटी लो-कट लावायचाच. हे सगळं ज्या वस्तूसाठी करताय ती ध्वनिमुद्रणाच्या वेळी तुम्हाला लागतच नाही.

झोपलेली डिस्क विंडोज जागी करतं हे खरं. म्हणून तिला झोपवू नका, व्यवस्थेतूनच बाजूला काढा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती डिस्क ऑफलाइन केली की इंडेक्सिंग, अँटिव्हायरस, फाइल उघडायची खिडकी, कोणालाच ती दिसत नाही. तरी फिरत राहिली तर बाहेरच्या खोक्यात घालून केबल काढा. काम झालं की जोडा.

मध्यसप्तक

जुन्या प्रकरणांतले उतारे मला वाचनाच्या अधूनमधून ऐकावे लागतात. पात्राचा आवाज, एखाद्या नावाचा उच्चार, आधी घेतलेली लय, हे सगळं जुळलं पाहिजे. दर वेळी डिस्क जोडायची आणि काढायची यात सलगपणा मोडतो.

विद्युल्लता

चालू पुस्तकाची प्रकरणं एसएसडीवरच असू द्या. वीस तासांचं पुस्तक असलं तरी सुमारे १० जीबी झालं. जुन्या पुस्तकांतलं तुम्हाला वाचता वाचता नेमकं काय लागतं?

सावध

चर्चा चांगली आहे, पण धाग्याच्या दुसऱ्याच ओळीकडे कोणी पाहत नाहीये. पेंडिंग सेक्टर वाढताहेत आणि मूळ ध्वनिमुद्रणं त्याच डिस्कवर आहेत. मध्यसप्तक, दुसरी प्रत आहे ना? नसेल तर कोणती डिस्क घ्यायची ते नंतर ठरवा. स्पंजवर ठेवण्याचा प्रयोग या डिस्कवर अजिबात करू नका. विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं चेकडिस्कही चालवू नका, त्याच्या दुरुस्तीत उरलेला विदासुद्धा हलवला जातो.

हाताशी असेल त्या कोणत्याही डिस्कवर, आवाजाची असली तरी, लिनक्सवरून डीडीरेस्क्यू या विदा वाचवणाऱ्या सॉफ्टवेअरने प्रत घ्या. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळतं. कुठवर झालं त्याची नोंद ठेवणारी मॅप फाइल नक्की ठेवा, म्हणजे मध्ये थांबलं तर तिथूनच पुढे जाता येतं.

जोडारी

सावध यांचं बरोबर आहे. स्पंजचा प्रयोग नव्या डिस्कवर करा, तोही तिची लांब स्मार्ट चाचणी (डिस्कने स्वतःचीच केलेली तपासणी) पार पडल्यावर.

मध्यसप्तक

पूर्ण झालेल्या पुस्तकांच्या प्रती दुसरीकडे आहेत. चालू दोन पुस्तकांच्या नव्हत्या, त्या फाइली आत्ताच एसएसडीवर घेतल्या, सगळ्या उघडल्या. बाकीच्या डिस्कसाठी डीडीरेस्क्यू लावलंय.

मत बदललेलं नाही. नवी डिस्क ४ टीबी, ५४००, सीएमआर, रबरी बुशांवर, आणि कायम जोडलेली. विद्युल्लता, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: लेखक तोच असला की वाचनाचा ढंग जुन्या पुस्तकाशी जुळवावा लागतो, आणि कोणतं जुनं पुस्तक लागेल ते आधी कळत नाही.

विद्युल्लता

ठीक. मग डिस्क आल्यावर एवढं करा. मायक्रोफोन रोजच्याच जागी, गेन तोच. रिकाम्या खोलीचं एक मिनिट डिस्क फिरत असताना, एक मिनिट तिची वीज काढून. दोन्हींचे स्पेक्ट्रम इथे टाका. ९० हर्ट्झचं शिखर पंख्याच्या आवाजात बुडालेलं असेल तर तुमचं म्हणणं सिद्ध झालं. वर डोकावत असेल तर मी पुन्हा एसएसडीच सांगणार.

कानसेन

९० सोबत १८० आणि २७० ही बघा. गुणगुणीचे वरचे पट लो-कटच्या पलीकडे राहतात.