मदत हवी आहे : बिकानेरचा तेस्सितोरी

नमस्कार मंडळी. गिरगावातल्या आमच्या चाळीतले ज्येष्ठ डिसेंबरात बिकानेरला निघालेत, आणि गाडीत माहिती सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. १४८८ मध्ये शहर वसवणारा राव बिका, १९२७ मध्ये कालव्याने सतलजचं पाणी आणणारे महाराजा गंगासिंह, एवढं जमेल. (व्हर्सायच्या तहावर गंगासिंहांची सही आहे म्हटल्यावर काका भुजिया हातातच धरून बसले!)

मला ओढ आहे ती तेस्सितोरीची. हा इटालियन तरुण चारणकाव्याच्या (राजस्थानातल्या भाट-चारणांच्या कवनांच्या) पोथ्या धुंडाळत आला, सिंधू संस्कृतीच्या कालीबंगा या प्राचीन स्थळापर्यंत पोचला आणि १९१९ मध्ये, जेमतेम एकतिशीत, बिकानेरातच वारला.

त्याच्यावर मराठीत काही आहे का? मुंबईत कुठल्या ग्रंथालयात बघू? आणि त्याची कबर कुणी पाहिली असेल तर रिक्षावाल्याला नेमकं काय सांगायचं, तेही लिहा.