देवनागरी नावं आणि दोन कोलन

एलडॅप डिरेक्टरीतून (लोकांची नावं, खाती ठेवणारी यादी) एक्स्पोर्ट केलेल्या एलडीआयएफ फाइलमध्ये (त्या नोंदींची साधी मजकूर-फाइल) मराठी नावांऐवजी अगम्य इंग्रजी अक्षरं येतात, म्हणजे डेटा खराब झाला, असं काही जण म्हणतात. हे पटत नाही. सीएन (नोंदीतलं नावाचं फील्ड) पुढे एक कोलन आहे की दोन ते बघा. दोन असतील तर मूल्य बेस६४ मध्ये, म्हणजे कुठलेही बाइट साध्या इंग्रजी अक्षर-अंकांत लिहिण्याच्या पद्धतीत आहे. एलडीआयएफचं मानक आरएफसी २८४९ प्रमाणे आस्की-बाहेरचं (साध्या इंग्रजी अक्षर-चिन्हांपलीकडचं) मूल्य असंच लिहायचं असतं. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक वर्ण, मात्रा, अनुस्वार ३ बाइट घेतो आणि बेस६४ मध्ये ३ बाइटांची ४ अक्षरं होतात. म्हणून 'सांगली'ची बरोबर २४ अक्षरं दिसतील. डीकोड केलं की नाव जसंच्या तसं मिळतं.

खरा धोका लांब ओळींचा, आणि तो सहसा कुणी सांगत नाही. लांब ओळ मोडली की पुढची ओळ एका स्पेसने सुरू होते. ती स्पेस म्हणजे 'मागची ओळ चालू आहे' ही खूण. विश्रामबागला एका कॉलेजची विद्यार्थ्यांची यादी हलवताना माझ्या एडिटरने ओळींच्या सुरुवातीच्या स्पेस 'साफ' केल्या आणि इम्पोर्ट अडला. सगळी रात्र त्यात गेली. तेव्हापासून एलडॅपसर्चला (ही फाइल काढायची कमांड) एलडीआयएफ-रॅप=नो (म्हणजे 'ओळी मोडू नको') दिल्याशिवाय मी फाइल काढतच नाही.