मदत हवी आहे: टाकी भरल्याचा अलार्म टाकी कोरडी असतानाच कण्हतोय (बीसी ५४७)

गच्चीवरची टाकी:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला, शिक्षणानं कॉमर्सवाला, त्यामुळं प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. आमच्याकडं खालच्या हौदातनं मोटरीनं गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवावं लागतंय, मोटर लावून माणूस चहाला बसला की विसरला, आणि मग टाकी भरून शेजारच्या काकूंच्या गच्चीवर धबधबा. परवा तर त्यांचे सांडगे वाळत घातलेले होते, पुढचं सांगत नाही. म्हणून म्हटलं आपणच अलार्म करू.

एक व्हिडिओ बघितला, परदेशी माणूस आहे, त्यानं ब्रेडबोर्डवर (भोकांत वायरी खोचून जोडणी करायची पाटी) पाच मिनिटात करून दाखवला. त्याच्याकडं टू-एन ३९०४ ट्रान्झिस्टर होता (बेस, कलेक्टर, एमिटर असे तीन पाय असतात त्याला), इथं दुकानदार म्हणाला ते सोडा, बीसी ५४७ न्या, तेच काम करतो. त्यानं ९ व्होल्टची बॅटरी घेतलेली, मी जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावलाय. जोडणी अशी: प्लसची एक वायर टाकीत, दुसरी वायर टाकीतनं निघून १ के च्या (म्हणजे हजार ओहमच्या) रेझिस्टरमधनं बेसला, बझरचा प्लस १२ व्होल्टला, बझरचा मायनस कलेक्टरला, एमिटर मायनसला.

आता होतंय काय, की अडॅप्टर लावल्या लावल्या बझर बारीक आवाजात कण्हायला लागतो, दोन्ही वायरी हवेत असल्या तरी. ग्लासभर पाण्यात बुडवल्या की आवाज किंचित वाढल्यासारखा वाटतो, बास. दुसरा ट्रान्झिस्टर घातला, तेच. बझर थेट १२ व्होल्टला लावला तर मात्र घर डोक्यावर घेतोय, म्हणजे बझर चांगलाय. अजून एक, ट्रान्झिस्टर करंट "वाढवतो" म्हणतात म्हणजे तो वाढीव करंट येतो कुठनं? आणि ते १ के मध्ये कशाला घालायचं?

पेठेतला पाहुणा:
एवढा व्याप कशाला भावा, अडॅप्टर काढ आणि थेट २३० वरनं कॅपेसिटर लावून व्होल्टेज पाड, आमच्या माळेला तसंच आहे, स्वस्तात काम.

उद्यमनगर फाटा:
वरचं वाचून अंगावर काटा आला. कृपा करून असलं काही करू नका. कॅपेसिटरनं व्होल्टेज पाडलं तरी सर्किट लाइटच्या वायरीपासनं वेगळं होत नाही, फेज सरळ टाकीच्या पाण्यात उतरू शकतो आणि खाली नळ सोडणाऱ्याला झटका. अडॅप्टरमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, तो मेन्सचा भाग आणि आपला भाग अलग ठेवतो. तोसुद्धा बरा, सीलबंद, न उघडलेला वापरा, नाहीतर सरळ बॅटरी.

आता मूळ प्रश्न. दोन गोष्टी सांगा: वायरी कोरड्या असताना बझरच्या दोन टोकांत किती व्होल्ट दिसतात, आणि ट्रान्झिस्टरची चपटी बाजू तुमच्याकडं, पाय खाली, असं धरल्यावर डावीकडनं कुठल्या पायाला काय जोडलंय?

गच्चीवरची टाकी:
बझरवर ३.४ व्होल्ट. अडॅप्टर १२.१ दाखवतोय. डावीकडनं एमिटर, बेस, कलेक्टर. व्हिडिओत तसंच सांगितलंय, तीन वेळा थांबवून बघितलं.

उद्यमनगर फाटा:
सापडलं. व्हिडिओतला माणूस बरोबर आहे, तुमचा दुकानदारही बरोबर आहे, फक्त दोघांचे पाय वेगळे आहेत. टू-एन ३९०४ चपटी बाजू समोर धरल्यावर डावीकडनं एमिटर-बेस-कलेक्टर, आणि बीसी ५४७ कलेक्टर-बेस-एमिटर. अंगानं जुळे, काळं अर्धगोल प्लॅस्टिक तेच, पण पाय उलटे. म्हणजे तुमचा ट्रान्झिस्टर उलटा बसलाय, दुसरा घातला तरी तोही उलटाच.

आणि ते ३.४ व्होल्ट कुठनं आले ते बघा, मजा आहे. १२.१ मधनं ३.४ गेले, उरले ८.७, एवढे ट्रान्झिस्टरवर पडतायत. उलट्या जोडणीत एमिटर-बेसचा जोड उलट दिशेनं १२ व्होल्टच्या दाबाखाली आलाय, आणि हा जोड उलट दाब फारसा सोसत नाही. बीसी ५४७ च्या डेटाशीटमध्ये त्याची मर्यादा ६ व्होल्ट लिहिलेली असते, प्रत्यक्षात फुटायला, म्हणजे उलट करंट सोडायला, थोडे जास्त लागतात, तुमचा ८ च्या आसपास फुटलाय, वर बेस-कलेक्टरचे ०.७. पाण्याचा काही संबंधच नाही, करंट मागच्या दारानं गळतोय. कलेक्टरची बाजू मात्र ४५ व्होल्टपर्यंत टिकते, म्हणून सरळ बसवला की हा प्रकार बंद.

शेतातलं उदाहरण देतो. फूट व्हॉल्व, म्हणजे पाणी एकाच दिशेला सोडणारी झडप, उलटा बसवला आणि वर पाण्याचा दाब दिला तर तो ज्या दिशेला अडवायला पाहिजे तिथं अडवत नाही, तसं.

वाढीव करंट म्हणाल तर ट्रान्झिस्टर करंट तयार करत नाही, तो अडॅप्टरमधनंच येतो. उसाला पाणी पाजताना दारं धरणारा माणूस खोऱ्यानं चार ढेकळं बाजूला करतो आणि पाटाचं सगळं पाणी सरीत वळतं, त्यानं काय पाणी अंगातनं काढलं नाही. बेसचा करंट म्हणजे ती चार ढेकळं. उपमा इथंवरच ताणा, पुढं ती तुटते, कारण दारं एकदा मोडलं की मोडलेलं राहतं, ट्रान्झिस्टरमध्ये बेसचा करंट थांबला की वाट लगेच बंद.

आता आकडे. मल्टीमीटरवर ग्लासातल्या पाण्याचा रेझिस्टन्स मोजा, आकडा हलत राहील पण अंदाज येईल.

गच्चीवरची टाकी:
४० के च्या आसपास नाचतोय.

उद्यमनगर फाटा:
मग ४० के अधिक तुमचं १ के, झालं ४१ के. बेस-एमिटरवर ०.७ व्होल्ट सोडून राहिले ११.३. भागिले ४१ के म्हणजे साधारण ०.२८ मिलीअँप. गेन, म्हणजे बेसच्या करंटच्या किती पट करंट कलेक्टरमधनं जाऊ शकतो तो आकडा, २०० धरला तर कलेक्टरमधनं ५५ मिलीअँपपर्यंत वाट मोकळी, आणि तुमचा बझर फार तर १५ घेईल. तो घेईल तेवढाच घेणार, वरचं पडून राहतं. बीसी ५४७ ची कमाल १०० मिलीअँप आहे, म्हणून त्याच्यावर मोटर-बिटर लावायचा विचार करू नका.

१ के कशाला, तर टाकीत दोन वायरी एकमेकीला चिकटल्या की मध्ये पाणी उरत नाही, बेसला थेट १२ व्होल्ट, ट्रान्झिस्टर गेला. १ के असला की तेव्हाही साधारण ११ मिलीअँपच्या वर जात नाही. शिवाय बेस आणि मायनसच्या मध्ये एक १०० के टाका. गच्चीवरनं एवढी लांब वायर खाली येते ती अँटेनासारखी ५० हर्ट्झची गुणगुण पकडते, त्यात आपल्याकडचा पावसाळा, चार महिने भिंतीला ओल, बझर उगाच कुरकुरायला नको.

जुना रेडिओवाला:
पोरांनो, पाय कुणाच्या सांगण्यावरनं ठरवायचे नाहीत. ज्या मल्टीमीटरला एचएफई (म्हणजे तोच गेन) लिहिलेली गोल भोकांची जागा असते, तिथं एनपीएनच्या बाजूला (तुझा त्याच जातीचा) ट्रान्झिस्टर खोचून बघ. सरळ बसला तर शेकड्यात आकडा, उलटा बसला तर एक आकडी. डायोडच्या खुणेवरही कळतं, बेसवर लाल टोक ठेवून दोन्हीकडं मोज, जिकडं आकडा किंचित जास्त तो एमिटर. फरक अगदी थोडा असतोय, चष्मा लावून बघ.

नावातही अर्थ आहे. बी म्हणजे सिलिकॉन, सी म्हणजे कमी ताकदीचा ऑडिओचा. आम्ही रेडिओ दुरुस्त करायचो तेव्हा एसी १२८ असायचा, तिथला ए म्हणजे जर्मेनियम. टू-एन मात्र अमेरिकेची नोंदणी, त्या नावातनं असलं काही कळत नाही.

गच्चीवरची टाकी:
काका लई भारी! सरळ बसवून २९०, उलटा बसवून ७. सर्किटमध्ये फिरवून घातला, १०० के पण टाकला, कोरडं असताना चिडीचूप, ग्लासात वायरी बुडवल्या की असा ओरडला की खालनं आई वर आली. दोन दिवस डोकं फोडत होतो राव. उद्या टाकीत सोडतो तांब्याची वायर.

माग आणि माणूस:
इचलकरंजीहून. हेच डोकं आमच्या ऑटोलूमवर आहे, ताण्याचा धागा तुटला की ड्रॉपर, म्हणजे धाग्यावर लटकणारा धातूचा पातळ तुकडा, खाली पडून पट्टीला टेकतो, सर्किट पुरं होतं आणि माग थांबतो. तुमच्यात पाणी टेकतं एवढाच फरक. पण तांबं नको भाऊ. पाण्यात कायम डीसी सोडला की प्लसकडची वायर खात जाते, हिरवी पडते आणि तो सगळा प्रकार पिण्याच्या पाण्यात उतरतो. स्टेनलेस स्टील घ्या, आणि वायरी पार वर, पाणी भरल्यावरच टेकेल अशा ठेवा, म्हणजे दिवसभर बुडून राहणार नाहीत.

उद्यमनगर फाटा:
बरोबर. कायमची सोय हवी असेल तर फ्लोट स्विच घ्या. त्याच्या तरंगणाऱ्या भागात लोहचुंबक, दांडीत रीड स्विच (चुंबक जवळ आला की आतल्या पट्ट्या जुळतात असा), पाण्यात करंट अजिबात नाही.

गच्चीवरची टाकी:
मग ट्रान्झिस्टर कशालाच नको ना? फ्लोट स्विचनं थेट बझर लागेल की.

जुना रेडिओवाला:
लागेल. १५ मिलीअँप त्याला काहीच नाही. मोटर मात्र त्यातनं चालवू नको, आतल्या पट्ट्या चिकटतील. त्याला रिले, कॉन्टॅक्टर (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) लागतात, तो वेगळा धागा काढ.

गच्चीवरची टाकी:
फ्लोट स्विच ऑर्डर केलाय. तोवर स्टीलचे दोन चमचे वायरींना बांधून टाकीच्या तोंडाशी लटकवलेत, एकमेकांपासनं चार बोटं लांब. आज सकाळी पाणी चढवलं, बझर वाजला, मोटर वेळेत बंद, काकूंची गच्ची कोरडी. आत्ता आई स्वयंपाकघरात चमचे मोजतेय.