मुलांना सुया: गुण सुईचा की वयाचा?

दीडशहाणा: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘सेरेब्रल पाल्सीत (मेंदूला लहानपणीच इजा होऊन हालचाली अडतात, तो विकार) वर्षभर फिजिओने झालं नाही ते तीन महिन्यांच्या अ‍ॅक्युपंक्चरने झालं, मेंदूतल्या बंद वाटा उघडल्या.’ अहो, त्या तीन महिन्यांत मूल मोठंही झालं ना! २००२ मध्ये अशा मुलांच्या वाढीचे आलेख छापून आले. सौम्य, पहिल्या पातळीतलं मूल आपल्या आवाक्यातल्या हालचालींपैकी ९० टक्के पाचव्या वर्षाच्या आत गाठतं, सर्वांत गंभीर, पाचव्या पातळीतलं तिसऱ्याच्याही आधी. नेमक्या त्याच वयात आपण सुया टोचायला नेतो.

शेवंती: पोस्ट माझीच. तुम्ही आलेख बघा, मी टाच बघते. सुया काढल्यावर तासभर लेकीचा पाय सैल असतो, स्प्लिंट (पाय सरळ धरणारा साचा) न रडता चढतो.

उंबरठा: मी फिजिओ. पाय सैल झाला म्हणजे चालता आलं असं नाही. स्नायू ढिला करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शननेही सैल होतो, पण पुढे व्यायाम नसेल तर सगळं पाण्यात. १९९८ मध्ये कातडीत न शिरणारी खोटी सुई निघाली, ती खरी वाटते. तिच्याशी तुलना न करता ‘गुण आला’ म्हणू नका. आणि टाळू भरली नसेल तर डोक्यावर सुई अजिबात नको.

शेवंती: व्यायाम! कागदावर बारा चित्रं काढून देता आणि म्हणता, रोज दोनदा. करायचे कुणी? आईने. नाही जमलं तर पुढच्या वेळी ‘घरी करत नाही वाटतं?’ हे ऐकायचं. सुयावाल्यांनी निदान कधी झापलं नाही.

दीडशहाणा: गोड बोलतो म्हणून उपचार खरा?

शेवंती: तुमचं मूल आहे का असं?

दीडशहाणा: भाचा आहे.

शेवंती: त्याचे व्यायाम कोण घेतं?

दीडशहाणा: ...ताई. बरं, जिंकलात.

उंबरठा: बारा चित्रं ही आमची चूक, मान्य. तीनच द्यावीत, तीही कपडे घालताना, जेवताना होतील अशी. शेवंतीताई, स्प्लिंट चढवताना गुडघा सरळ असतो का?

शेवंती: हो. का?

उंबरठा: वाकवून बघा. पोटरी ढिली पडते. आधी टाच मागे टेकवा, घोट्याचा पट्टा आवळा, मग बाकीचे.

शेवंती: आज चढवला तसा. रडली नाही. दोन वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. सुया बंद करणार नाहीये, आधीच सांगते.

दीडशहाणा: करू नका. फक्त आज सुया नव्हत्या, तेवढं लिहून ठेवा.